‘जरा हात लाव रं’: जड माल हाताळताना बोटं कशी वाचवायची

आमच्या बेळगावकडं कुणी ‘मदत कर’ म्हणत नाही, ‘जरा हात लाव रं’ म्हणतात. उद्यमबागेतल्या फौंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात), मच्छे-नावग्याच्या मशीन शॉपमध्ये, होनग्याच्या शेडमध्ये हे वाक्य दिवसातून शंभरदा ऐकू येतं. ते ऐकलं की माणूस हातातलं काम टाकून धावतो. माणुसकी म्हणून चांगलंच आहे, पण जड मालाच्या बाबतीत हेच वाक्य बोटं खातं. माझ्या डाव्या अनामिकेचं वरचं पेर त्यावरच गेलं.

२००९ चा पावसाळा होता. साधारण तीनशे किलोचा गिअरबॉक्स चेनपुलीवर टांगून आम्ही बेसवर उतरवत होतो. तो सहा फुटांवर लोंबत होता तोवर चौघंही लांब उभे होतो. बेसपासून चार बोटं राहिला आणि सगळ्यांची भीती गेली. मिस्त्री म्हणाले, “भोक जुळलंय काय बघ जरा.” मी बोल्टाच्या भोकात बोट घातलं. तेवढ्यात चेनवरच्या हेल्परनं काय ऐकलं कुणास ठाऊक, त्यानं चेन एक हात ओढली. गिअरबॉक्स खाली बसला. आवाजसुद्धा झाला नाही.

त्यानंतर मेंटेनन्समध्ये इतकी वर्षं काढली. आजूबाजूला चेंगरलेल्या बोटांचा हिशेब मनाशी मांडला तर माल डोक्यावर पडून झालेले अपघात थोडे निघतात. माल टेकताना, सरकवताना, भोक जुळवताना, गुटका (मालाखाली ठेवायचा लाकडी ठोकळा) घालताना झालेले मात्र ढीगभर. म्हणजे शेवटच्या चार बोटांच्या अंतरात झालेले. त्या अंतरात हाताचं काम काठीला, सळईला, दोरीला, गुटक्याला कसं द्यायचं ते आधी सांगतो. एवढं करूनही घात झालाच तर पहिल्या तासात काय करायचं आणि कागद कसे सांभाळायचे, ते नंतर.

उचलायच्या आधी: वजन, वाट आणि जागा

‘असेल शंभर-दीडशे किलो’ या अंदाजावर आपल्याकडं निम्मी कामं चालतात. वजन काढणं अवघड नाही. ओतीव लोखंड घनसेंटिमीटरला साधारण ७.२ ग्रॅम भरतं आणि पोलाद ७.८५. एक फुटी, म्हणजे ३० सेंटिमीटर बाजूचा ओतीव लोखंडाचा भरीव ठोकळा घ्या. २७,००० घनसेंटिमीटर गुणिले ७.२ केलं की १९४ किलो होतात. डोळ्याला तो ‘दोघांत उचलू’ असा दिसतो, तिथंच फसगत होते. प्लेटसाठी त्याहून सोपं गणित आहे. पोलादाची एक चौरस मीटर प्लेट जाडीच्या दर मिलिमीटरला ७.८५ किलो भरते, म्हणजे १० मिलिमीटरची प्लेट साडेअठ्ठ्याहत्तर किलो. हे दोन आकडे खडूनं भिंतीवर लिहून ठेवले तरी पुष्कळ झालं.

मग वाट बघायची. माल कुठून कुठं जाणार, मध्ये एअर पाईप, ऑईल सांडलेली फरशी, कुणाची सायकल आहे का? आणि तिसरी गोष्ट सगळे विसरतात ती म्हणजे उतरवायची जागा. माल हवेत आल्यावर “अरे, गुटके आणा रे” अशी ओरड सुरू झाली की समजायचं, आता कुणाचा तरी हात मालाखाली जाणार. गुटके आधी मांडा, अंतर मोजून मांडा, आणि मगच चेनला हात घाला.

पट्टा, चेन, हुक

माल टांगायच्या पट्ट्याच्या रंगात त्याची ताकद लिहिलेली असते: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५, तपकिरी ६, निळा ८ आणि नारिंगी १० टन. ही ताकद सरळ उभ्या ओढीची. पट्ट्याचा फास मालाभोवती आवळला तर ती साधारण ८० टक्क्यांवर येते. शिवण उसवलेला, कडेला कापलेला, लेबल गेलेला पट्टा कापून दोन तुकडे करूनच टाका. नुसता कोपऱ्यात फेकला तर रात्रपाळीला कुणीतरी तो उचलतोच.

दोन पायांच्या स्लिंगचं (एका हुकातून दोन बाजूंना जाणाऱ्या पट्ट्याचं किंवा चेनचं) गणित मात्र नीट समजून घ्या. एक टन माल दोन पायांवर टांगला आणि पाय सरळ उभे असले तर प्रत्येक पायावर ५०० किलो येतात. पाय आडव्या रेषेशी ६० अंशात असतील तर ५७७, ४५ अंशात ७०७, आणि ३० अंशात तर प्रत्येक पायावर पुरते १००० किलो. म्हणजे स्लिंग आखूड घेऊन पसरट बांधली की दोन पाय असूनही उपयोग एकाचाच. आय बोल्टचंही, म्हणजे माल टांगायच्या कडीच्या बोल्टचंही, तसंच. तो खांद्यापर्यंत पूर्ण बसलेला हवा, आणि तिरकी ओढ आली की त्याची ताकद फार घटते.

हुकचं तोंड फाकलंय का, त्याची कुलपी पट्टी जागेवर आहे का, वायर रोपला घडी पडलीय का किंवा तारा सुटल्यात का, हे रोज सकाळी दोन मिनिटांत बघून होतं. वायर रोप मात्र उघड्या हातानं चाचपू नका, सुटलेली तार तळव्यात सुईसारखी घुसते. उचलायच्या सगळ्या साधनांची वर्षातून एकदा अधिकृत माणसाकडून तपासणी करून घ्यायची, हा १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम २९ पासून चालत आलेला दंडक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहिता लागू झाल्या, म्हणून चेनपुली काही मजबूत झालेली नाही. तपासणी चालूच ठेवा.

आता हाताचं. ढील काढताना पट्टा जागेवर राहावा म्हणून आपण तो मुठीत धरतो. चेन ताणली जाते आणि मूठ पट्टा व मालाच्या मध्ये सापडते. धरायचंच असेल तर पंजा उघडा ठेवून बाहेरून नुसता दाब द्या, बोटं वळवू नका. ढील संपत आली की हात काढा, दोन पावलं मागं या, आणि मगच पुढचा इशारा द्या. चेनपुलीची भार घेणारी चेन हुकजवळ कधीही धरू नका. आणि माल जमिनीपासून चार बोटं उचलला की थांबवा. झुकतोय का, पट्टा सरकतोय का बघा. चुकलं असेल तर याच उंचीवर सुधारता येतं.

कोण बोलणार, आणि कुठल्या भाषेत

आपल्याकडच्या शॉपमध्ये एका चेनभोवती तीन भाषा असतात. मिस्त्री मराठी, ऑपरेटर कन्नड आणि हेल्पर बिहार किंवा ओडिशाचा. एरवी याची मजा वाटते, मालाखाली मात्र जीव जातो. ‘सोड’ हाच शब्द घ्या. मिस्त्रीच्या मनात ‘चेन सोड, खाली घे’ असतं, आणि मालाला धरून उभा असलेला हेल्पर ‘हात सोड’ असं समजतो. ‘घे’ म्हणजे वर घे, खाली घे की अंगावर घे? ‘हां हां’ म्हणजे चालू दे की पुरे? आणि कन्नडमधलं ‘बिडू’ हे आपल्या ‘सोड’चंच भावंड, तितकंच फसवं.

आमच्या शॉपमध्ये आम्ही चार शब्द ठरवले: ‘वर’, ‘खाली’, ‘थांब’ आणि ‘हात’. ‘सोड’ आणि ‘घे’ यांना मालाजवळ बंदी. ‘थांब’ कुणीही म्हणू शकतो. झाडलोट करणारी मावशी म्हणाली तरी चेन थांबली पाहिजे. कुणी थांब म्हणो, कुणी निंद्रु म्हणो, कुणी रुको म्हणो, शंका आली की थांबायचं आणि मग भांडायचं. बाकीचे तीन शब्द फक्त एकाच माणसानं बोलायचे. तो माल धरत नाही, चेनही ओढत नाही, फक्त बघतो. चौथा शब्द ‘हात’. तो ओरडला की प्रत्येकानं आपले दोन्ही पंजे वर करून दाखवायचे. पंजे मोजायचे, सगळे दिसले तरच ‘खाली’. नवीन पोरं पहिल्या दिवशी हसतात. हसू द्या. फौंड्रीच्या किंवा फेटलिंगच्या (ओतीव मालाच्या कडा घासून साफ करायच्या) आवाजात शब्द पोचत नाहीत, तिथं तर हातवारेच ठरवलेले बरे. दोन्ही हात आडवे पसरले म्हणजे थांब.

शेवटची चार बोटं

इथं घाई करू नका. माल गुटक्यांपासून वीतभर राहिला की थांबवायचा. हलत असला तर हलणं थांबू द्यायचं, हातानं दाबून थांबवायचं नाही. फिरवायचा असेल तर आधीच बांधलेल्या दोरीनं फिरवा. दोरी माणसाच्या उंचीची नको, लांब हवी, आणि ती मनगटाला किंवा हाताला गुंडाळायची नाही. ढकलायला काठी वापरा. बाजारात ढकल-ओढ काठ्या मिळतात. नसेल तर चार फुटी पाईपच्या टोकाला रबरी टोपी आणि एक आकडा लावून घ्या. वेल्डरचं अर्ध्या तासाचं काम.

आता गुटका. सर्वाधिक बोटं याच्यावर जातात असं माझं मत आहे. गुटका सरकवताना आपण तो वरून-खालून धरतो, अंगठा वर आणि चार बोटं खाली. माल टेकला की बोटं त्याच्या आणि फरशीच्या मध्ये. गुटका धरायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी धरा, वर किंवा खाली एकही बोट नको. त्यापेक्षा आम्ही केलेला उपाय करा. बाभळीच्या गुटक्याला एका टोकावर दोन फुटी लोखंडी पट्टी स्क्रूनं मारली, तव्याला दांडा असतो तशी. दुरून धरायचं, सरकवायचं, बाजूला व्हायचं. असे आठ गुटके केले आणि पिवळे रंगवले. पिवळा सोडून दुसरा गुटका मालाखाली दिसला की त्या दिवशी त्या गँगचा चहा बंद. हा नियम कागदावर नव्हता, पण कागदावरच्या नियमांपेक्षा जास्त पाळला गेला.

गुटका किमान दोन इंची हवा. माल सपाट फरशीवर ठेवला तर परत उचलताना पट्टा घालायला फट राहत नाही, मग कुणीतरी पहार घालतो आणि दुसरा फटीत बोटं घालतो. पहारीनं उचलायचं असेल तर पहारीवर एक माणूस आणि गुटक्यावर एक माणूस, मध्ये तिसरा नको. पहार निसटली तर तिचं टोक कुणाच्या अंगावर जाईल तेही बघा.

आणि भोक. बोल्टाच्या भोकात बोट घालून बघणं ही आपली जन्माची खोड आहे. टॉर्च मारून बघा, टोकदार सळई घालून जुळवा. सळई कापली गेली तर दुसरी मिळते. मोल्डिंग बॉक्स (ज्यात वाळूचा साचा असतो तो) बंद करतानाही हेच होतं. वरचा बॉक्स खालच्यावर उतरवताना पोरगं पिन चाचपतं. पिना लांब करा, म्हणजे बॉक्स वीतभर वर असतानाच त्या लागतात आणि चाचपायची गरजच उरत नाही. बॉक्सला बाहेरून धरायच्या मुठी असतात, तिथंच हात हवेत. कडेवर नकोत.

फौंड्रीबद्दल आणखी एक. ओतलेला माल काळा दिसला म्हणजे गार झाला असं नाही. लोखंडाची लाली साधारण ५०० अंशांच्या खाली दिसेनाशी होते, म्हणजे काळ्याशार कास्टिंगमध्ये ४०० अंशांची धग असू शकते. शेकआऊटच्या, म्हणजे साचा फोडून माल काढायच्या, जागी गरम मालाची पाटी लावा आणि उलट्या तळव्यानं दुरून धग बघायची सवय लावा.

दोघांनी हातानं उचलायचं असेल तर आकडे एकानंच मोजायचे आणि ठेवतानाही मोजायचे. उचलताना सगळे मोजतात, ठेवताना एक जण आधी सोडतो. दुसऱ्याची बोटं त्यातच जातात.

अंगठी, कडं, गंडा आणि हातमोजे

यावर मी नेहमी भांडतो. यल्लम्माचा, जोतिबाचा धागा मनगटात असतो, बोटात पोवळ्याची नाहीतर पुष्कराजाची अंगठी असते, आणि हातात मित्रानं दिलेलं कडं. श्रद्धा ठेवा, पण लेथवर, रेडियल ड्रिलवर आणि मालाजवळ नको. अंगठी कुठं अडकली आणि माणूस खाली उडी मारला किंवा माल सरकला की बोटाची कातडी हातमोजा काढावा तशी निघते. ज्यांनी एकदा बघितलंय ते अंगठी गळ्यात दोऱ्यात घालतात. देवाला चालतं.

हातमोज्यांचा गैरसमज वेगळा. फिरत्या मशीनवर, म्हणजे लेथ, ड्रिल, मिलिंगवर हातमोजे घालूच नका, ते बोट आत ओढतात. कास्टिंगच्या कडा, पट्टी, वायर रोप यांसाठी चामड्याचे घाला. पण पाचशे किलोच्या खाली कुठलाच हातमोजा कामाचा नाही, हे पक्कं समजा.

बंद मशीनही चावतं

मेन स्विच खाली केला म्हणजे मशीन मेलं असं नाही. पॉवर प्रेसचं फ्लायव्हील स्विच बंद केल्यावरही फिरत राहतं. उभा सिलिंडर प्रेशर गेल्यावर खाली येतो. स्प्रिंग दबलेली असते. म्हणून क्रम असा ठेवा: स्विच बंद, स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, फिरणारं थांबेपर्यंत थांबणं, लाईनमधलं प्रेशर सोडणं, वर असलेल्या भागाखाली आधार लावणं, आणि शेवटी बटण दाबून खरंच मेलंय का ते बघणं. साखर कारखान्यांत गाळप संपल्यावर दुरुस्तीचा हंगाम येतो, रोलर निघतात. तेव्हा एका मशीनवर तीन-चार कंत्राटदारांची माणसं असतात. प्रत्येकाचं कुलूप वेगळं हवं.

बेळगावात हायड्रॉलिकची कामं भरपूर, म्हणून हे खास सांगतो. दोनशे बारच्या लाईनमधली बारीक गळती बोट फिरवून शोधायची नाही. तेलाची धार डोळ्याला दिसत नाही, पण कातडीत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं भोक दिसतं, दुखतही नाही, पोरगा फडक्यानं पुसून कामाला लागतो. संध्याकाळी बोट काळं-निळं होतं. आत गेलेलं तेल पेशी मारत जातं आणि ऑपरेशन करून ते साफ करावं लागतं. तास गेला तसं बोट जातं. अशा टोचणीला ‘किरकोळ’ म्हणणाऱ्या सुपरवायझरला माझा एकच सवाल असतो: हे तुझ्या मुलाच्या बोटात असतं तर? लगेच हॉस्पिटलला न्या आणि डॉक्टरांना ‘हाय प्रेशर तेल घुसलंय’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर पट्टी बांधून घरी पाठवतील. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा.

झालंच तर: पहिला तास

हात अडकला असेल तर पहिली घाई मशीन उलटं फिरवायची होते. तसं करू नका, हात परत चेंगरू शकतो. पुरवठा बंद करा, दुसरीकडून आधार द्या आणि सावकाश माल उचला. चेंगरलेल्या माणसाला एकटं सोडू नका. बसवा, चक्कर येत असेल तर आडवा करा.

रक्त येतंय तिथं स्वच्छ कापड ठेवून दाबा आणि हात छातीच्या वर धरा. दर मिनिटाला कापड उचलून बघू नका, सलग दहा मिनिटं दाबा. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा. बोटाच्या मुळाशी सुतळी करकचून बांधणं बंद करा. दाबूनही रक्त धो-धो येत असेल तरच दंडाला रुंद पट्टा आवळा आणि आवळल्याची वेळ कागदावर लिहा. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा. सूज चढली की ती कापूनच काढावी लागतात.

हळद, कॉफी पावडर, चुना, तंबाखू, रॉकेल यातलं काही जखमेवर नको. यातलं प्रत्येक मी डोळ्यांनी बघितलंय. आणि चहा पाजू नका. ‘घाबरलाय, साखर घालून द्या’ म्हणून आपण देतो, मग ऑपरेशनसाठी पोट रिकामं होईपर्यंत तासन्‌तास थांबावं लागतं. भाजलं असेल तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

बोट तुटून पडलं असेल तर शोधा. हे दुसऱ्या माणसाचं काम. तुकडा स्वच्छ पाण्यानं हलका धुवा, घासू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात बर्फ आणि पाणी मिसळून त्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर गोठून मरतो, पाण्यात बुडवला तर फुगतो. लोंबकळत असलेलं बोट तोडून टाकू नका. नीट गार ठेवलेलं बोट बऱ्याच तासांनीही जोडायचा विचार होतो, पण मनगट किंवा पंजा तुटला असेल तर वेळ फार थोडा असतो. त्यातल्या स्नायूंना रक्ताशिवाय राहवत नाही. कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये बर्फ आणि फर्स्ट एडच्या पेटीत दोन जाड पिशव्या आधीपासून असू द्या.

कुठं न्यायचं हे अपघाताच्या दिवशी ठरवायचं नसतं. १०८ ला फोन लावा, पण त्याआधीच, शांत दिवशी, हात जोडणारा प्लास्टिक सर्जन चोवीस तास कुठं मिळतो ते फोन करून विचारून ठेवा. खानापूरकरांना बेळगाव जवळ. निपाणीच्या शॉपला मात्र बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं, हद्दीचा विचार बोटाला करायला लावू नका. सोबत असा माणूस पाठवा, ज्याला अपघाताची वेळ, मशीन, मालाचं वजन आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं हे सांगता येईल. डॉक्टरला हे सगळं लागतं.

कागद

आमच्या एका शेडमध्ये, नाव घेत नाही, जखमी पोराला रिक्षात बसवताना सांगितलं गेलं, “डॉक्टरला घरी दारात बोट सापडलं म्हणून सांग.” त्यानं तसंच सांगितलं. पुढं तीन महिने पगार नाही, भरपाई नाही, आणि केस पेपरवर ‘घरी’ लिहिलेलं. हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिल्या केस पेपरवर ‘कामावर असताना, मशीनवर’ एवढं लिहून घ्या.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर तुम्ही त्यात येता. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावरच्या दुखापतीत कामावर येता येत नसेल तोवर सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, आणि त्यासाठी ‘इतके महिने वर्गणी भरलेली हवी’ अशी अट नाही. म्हणजे कालच लागलेल्या पोरालाही ते मिळतं. मालकानं अपघात नोंदवहीत नोंद करायची आणि ईएसआयला अपघाताचा अहवाल पाठवायचा असतो. त्याची प्रत मागून घ्या. कंत्राटी असलात तरी मुख्य मालकाची जबाबदारी संपत नाही.

कायमचं नुकसान टक्क्यांत मोजतात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली) परिशिष्टात अंगठ्याला ३० टक्के होते, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, अनामिकेला किंवा करंगळीला ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. माझं अनामिकेचं एक पेर गेलं, त्याचे ५ टक्के. हसू येतं खरं, पण त्या पाच टक्क्यांसाठीही मेडिकल बोर्डापुढं एक्स-रे लागतो. जपून ठेवा.

अर्ज आणि जबाब कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतात. कुणाकडून तरी वाचून, मराठीत समजून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा नको. आपल्याकडं वाचून दाखवणारा कन्नड भाऊ शेजारच्याच मशीनवर असतो. लाज कसली.

परत कामावर

टाके निघाले म्हणजे हात बरा झाला, असं नाही. दोन आठवडे पट्टीत बांधून ठेवलेला हात लाकूड होतो. डॉक्टरांनी हलवायला सांगितलेली बोटं पहिल्या दिवसापासून हलवा, न दुखावलेली तर नक्कीच. जोडलेल्या बोटाला तंबाखू आणि बिडी चालत नाही. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि जोडलेलं बोट काळं पडू शकतं. निपाणीकडच्या पाहुण्यानं प्रेमानं पुडी आणली तरी ती घरातल्या माणसांनी लपवून ठेवावी.

कामावर परत आल्यावर पहिला आठवडा त्याच मशीनवर त्याच कामाला उभं करू नका. हात आपोआप आखडतो, आणि घाबरलेला हात दुसऱ्याच्या बोटावर पहार सोडतो. टूलरूममध्ये, तपासणीत, मोजणीत बसवा.

आणि थंडी. कापलेल्या टोकाला थंडी वेगळीच लागते, पहिली दोन वर्षं तर ठणकतं. माझं इतक्या वर्षांनी अजूनही डिसेंबरात, सकाळी सातच्या शिफ्टला मच्छेकडं गाडीवरून जाताना जागं होतं. बायकोनं डाव्या हातमोज्याच्या त्या बोटात आतून लोकरीची बारीक टोपी शिवून दिलीय. शॉपच्या गेटवर पोचलो की हातमोजा काढून खिशात घालतो आणि लेथकडं जातो.